मंडळाची जुनी वेबसाइट जपायचीय? आधी फाँट शोधा

गणेशोत्सव मंडळाची किंवा वाचनालयाची वीसेक वर्षांपूर्वीची वेबसाइट जपायला घेतलीत, तर पानांच्या आधी फाँट मिळवा. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधी मराठी मजकूर शिवाजी, किरण, श्री-लिपी अशा फाँटांत टाइप व्हायचा. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच, देवनागरीचं रूप फाँट देतो. फाँट नसला की शिवाजीतल्या ‘श्री’च्या जागी ई, ए, आय अशी तीन अक्षरं दिसतात आणि अख्खा अहवाल हातचा जातो. काही साइटी ईओटी स्वरूपातला फाँट सोबत द्यायच्या, पण तो आजचं क्रोम वाचत नाही. पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, फाँटचं पूर्ण नाव बघा आणि मजकूर लावणाऱ्या डीटीपीवाल्याकडून त्याची टीटीएफ फाइल मागा.

मग क्रोममध्ये ‘आर्काइव्हवेब.पेज’ हे उघडलेली पानं साठवणारं एक्स्टेन्शन घाला. रेकॉर्डिंग सुरू करून प्रत्येक पान खालपर्यंत सरकवा, गॅलरीतला प्रत्येक फोटो क्लिक करून मोठा करा. उघडलं नाही ते साठत नाही. मिरवणुकीच्या फोटोंची नुसती थंबनेलं उरतात. काम झाल्यावर फाइल उतरवा आणि साठवलेली पानं दाखवणाऱ्या ‘रिप्लेवेब.पेज’च्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये वायफाय बंद करून तपासा. वायफाय चालू असताना चुका लक्षात येत नाहीत. जुन्या साइटींवरची अ‍ॅनिमेशनं चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला, त्या फाइली रफल या फ्लॅशची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये चालवून बघा. तुटलेल्या दुव्यांची पानं वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या ऑनलाइन संग्रहात सापडू शकतात.

आता मजकूर युनिकोडमध्ये आणा, पण मूळ पान पुसू नका. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर हमखास दोन ठिकाणी चुकतो. जुन्या फाँटांत ‘गिरगाव’मधली पहिली वेलांटी ‘ग’च्या आधी टाइप व्हायची आणि ‘वर्गणी’चा रफार ‘ग’नंतर, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कार्यकर्त्यांची नावं तरी एकेक करून, मोठ्याने वाचून तपासा. तिथली चूक कायमची राहते.

प्रती तीन ठेवा: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. दोन्ही डिस्क एकाच चाळीत नकोत. एक गिरगावात, दुसरी डोंबिवलीत चालेल. तळमजला टाळा, २६ जुलै २००५ चा मुंबईतला पूर आठवा. पावसाळ्यात डिस्क सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा) लिहून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पडताळा.

देणगीदारांच्या यादीत फोन नंबर असतील, तर ते पान जपा, पण लोकांसाठी उघडं ठेवू नका.