ब्राउझर सांभाळून घेतो, म्हणून राहून जाणाऱ्या चुका

ब्राउझर फार सोशिक असतो. वेबपान लिहिताना टॅग (पानाचे भाग दाखवणाऱ्या खुणा) बंद करायचा राहिला, एकात एक भलतेच अडकले, तरी तो तक्रार करत नाही. असं चुकलेलं मार्कअप, म्हणजे टॅग घालून लिहिलेलं पान, कसं वाचायचं हेसुद्धा एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेच्या स्टँडर्डमध्ये पायरीपायरीने लिहिलेलं आहे. म्हणूनच 'माझ्याकडे तर नीट दिसतंय' हा अगदी तकलादू पुरावा.

मराठीच्या जागी अगम्य अक्षरांची रांग दिसली की बरेच जण फॉन्ट बदलतात. फॉन्टचा दोष नसतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं. 'मी' म्हणजे म आणि वेलांटी मिळून सहा. हेच बाइट जुन्या पश्चिम युरोपीय एन्कोडिंगने वाचले की सहा वेगळी अक्षरं उमटतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' दर तीन अक्षरांनी दिसला, तर निदान पक्कं.

मेटा चारसेट, म्हणजे पानाचं एन्कोडिंग सांगणारा टॅग, पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांत हवा, म्हणून हेड (पानाविषयीची माहिती ठेवायचा वरचा भाग) उघडताच तोच लिहा. तरीही बिघाड राहिला तर ब्राउझरमधल्या डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये कंटेंट-टाइप हेडर, म्हणजे सर्व्हर पानासोबत पाठवतो ती नोंद, बघा. सर्व्हर तिथे दुसरं एन्कोडिंग सांगत असेल, तर तुमच्या मेटाला कोणी विचारत नाही. फाइलही यूटीएफ-८ मध्येच सेव्ह झालेली हवी. आणि बिघडलेला मजकूर तसाच कॉपी करून पुन्हा सेव्ह करू नका. मी केला होता. चूक डेटाबेसात जाऊन बसली आणि ती उपसण्यात दोन रात्री गेल्या.

मराठी ठीक, फक्त इमोजीपाशी मजकूर तुटतो किंवा एरर येते? मायएसक्यूएल या डेटाबेसमधलं जुनं 'यूटीएफ८' तीन बाइटांपर्यंतच पोचतं, इमोजीला चार लागतात. टेबल आणि कनेक्शन, दोन्ही 'यूटीएफ८एमबी४' वर न्या.

डॉकटाइप, म्हणजे पानाचा प्रकार सांगणारी पहिली ओळ, गाळला की ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये जातो, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या पानांसाठी राखलेल्या वागणुकीत. बॉडीला दिलेला फॉन्टचा आकार टेबल घेत नसेल, तर आधी पहिली ओळ तपासा. जुन्या पानांवरून लांबलचक डॉकटाइप उचलायचीही गरज नाही. २०१९ पासून डब्ल्यू३सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनेही व्हॉटडब्ल्यूजी या दुसऱ्या गटाचं लिव्हिंग स्टँडर्डच (सतत सुधारत जाणारे एचटीएमएलचे नियम) मानलंय, आणि त्यात दोन शब्दांचा डॉकटाइप पुरतो.

'पान सापडलं नाही' असं लिहून स्टेटस (सर्व्हर उत्तरासोबत पाठवतो तो आकडा) मात्र २००, म्हणजे 'सगळं ठीक', पाठवणं, हीही नेहमीची चूक. माणसाला कळतं, सर्च इंजिनला सगळं आलबेल वाटतं. ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', पाठवा.

डिव्हला, म्हणजे नुसत्या कप्प्यासारख्या टॅगला, क्लिक जोडून बटण बनवू नका. टॅब दाबून तिथे पोचता येत नाही, एंटर चालत नाही. खरं बटण वापरलं की हे सगळं फुकटात मिळतं.

शेवटचं, लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारी नोंद. तिथे मराठीसाठी 'एमआर' लिहिलं तर सोय असलेला फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतो. पण टेम्पलेट इंग्रजीतून उचललेलं असतं, इंग्रजीचं 'ईएन' तसंच राहतं आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी वाक्य इंग्रजी आवाजात वाचायला जातो.