फिजिकल सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये नेताना या चुका टाळा

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील एखाद्या फाउंड्रीचा जुना सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे दुसऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, नेण्याचा निर्णय बहुधा सुटे भाग मिळेनासे झाले की घेतला जातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर, एका तळमजल्यावरच्या पेटीत कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणे किती धोक्याचे आहे, हेही कोल्हापूरकरांना वेगळे सांगण्याची गरज उरलेली नाही. निर्णय योग्यच आहे. मात्र डिस्कची प्रत काढणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग असून, खरी अडचण त्या सर्व्हरला काय काय जोडलेले आहे याची नोंद आधी न केल्यामुळे येते.

वजनकाट्याचेच उदाहरण घ्या. साखर कारखान्याच्या गेटवर उसाची गाडी काट्यावर उभी राहते, तेव्हा इंडिकेटरमधील वजन सिरियल केबलने थेट सर्व्हरच्या कॉम (सिरियल) पोर्टवर येत असेल, तर रूपांतरानंतर विंडोज सुरू होईल, सॉफ्टवेअरही उघडेल, पण वजनाचा रकाना रिकामाच राहील. हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरमधील मशीनला होस्टचा, म्हणजे ते ज्या संगणकावर चालते त्याचा, प्रत्यक्ष सिरियल पोर्ट देता येत नाही; व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्ये तो देता येतो, पण मग मशीन त्या एकाच होस्टला बांधले जाते. त्यापेक्षा काट्याजवळ सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर बसवून, जुना सर्व्हर चालू असतानाच त्याची चाचणी घेणे शहाणपणाचे ठरते. परवान्याच्या यूएसबी डोंगलचेही (सॉफ्टवेअर चालण्यासाठी लावावी लागणारी किल्ली) तसेच आहे. हायपर-व्ही यूएसबी उपकरण थेट पुढे देत नाही, त्यामुळे नेटवर्कवरून यूएसबी पुरवणारे उपकरण घ्यावे किंवा विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर परवाना बदलून घ्यावा. असे काम गळीत हंगामात काढूच नये.

दुसरी चूक म्हणजे डेटाबेस चालू ठेवून प्रत काढणे. डिस्कटूव्हीएचडीसारखे साधन व्हॉल्यूम शॅडो कॉपी या विंडोजच्या, डिस्कची त्या क्षणाची स्थिती टिपणाऱ्या सुविधेच्या आधारे चालू मशीनची प्रत काढते हे खरे; परंतु जे सॉफ्टवेअर शॅडो कॉपीशी जुळवून घेत नाही, त्याच्या फायली अर्धवट अवस्थेत उचलल्या जाऊ शकतात. शिवाय प्रत सुरू झाल्यानंतर केलेल्या नोंदी तिच्यात येतच नाहीत. म्हणून वापरकर्त्यांना बाहेर काढावे, डेटाबेसच्या सेवा थांबवाव्यात, स्वतंत्र बॅकअप घ्यावा, चेकडिस्क (डिस्कमधील दोष तपासणारे साधन) चालवावी, बिटलॉकर हे डिस्कचे कूटबद्धीकरण असल्यास ते बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्यावी आणि मगच प्रत काढावी. व्हर्च्युअल डिस्कच्या व्हीएचडी प्रकारच्या फाइलची मर्यादा सुमारे २ टीबी आहे, तर व्हीएचडीएक्सची ६४ टीबी; मोठ्या डिस्कसाठी दुसरा प्रकारच निवडावा.

मशीन पहिल्यांदा सुरू करताना निळा पडदा आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा संदेश दिसला, की प्रत बिघडली असे समजून अनेक जण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. बहुतेक वेळा प्रत ठीक असते. विंडोज जुन्या रेड कंट्रोलरचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर शोधत असते आणि नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर बूटच्या वेळी लोड होत नसतो. केव्हीएम या लिनक्सवरील व्हर्च्युअलायझेशनवर असे झाल्यास मूळ डिस्क आधी आयडीई किंवा साटा म्हणून जोडावी, सोबत एक छोटी रिकामी डिस्क व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीची खास जोडणी) म्हणून द्यावी, विंडोजमध्ये ड्रायव्हर बसवावा आणि त्यानंतर मूळ डिस्क व्हर्टआयओवर न्यावी. हायपर-व्हीवर मात्र आधी जनरेशन (व्हर्च्युअल मशीनचा प्रकार) तपासावे: जुना सर्व्हर जुन्या बायोस पद्धतीने सुरू होत असेल तर जनरेशन १, नव्या यूईएफआय पद्धतीने होत असेल तर जनरेशन २. मशीन तयार झाल्यावर जनरेशन बदलता येत नाही. लिनक्सवर हीच अडचण इनिटरॅमएफएस या बूटच्या सुरुवातीला लोड होणाऱ्या फाइलमध्ये नवे ड्रायव्हर नसल्यामुळे येते. रेड हॅट कुळात बूट मेन्यूतील रेस्क्यू पर्यायाने सुरू करून ड्राकट या आज्ञेने ती फाइल नव्याने बनवावी.

नवे नेटवर्क कार्ड दिसल्यामुळे जुना स्थिर आयपी पत्ता निघून जातो, तो आधीच लिहून ठेवावा. तोच पत्ता पुन्हा देताना इशारा आला, तर डिव्हाइस मॅनेजरमधील लपलेली जुनी कार्डे काढून टाकावीत. यंत्रासोबत आलेला ओईएम विंडोज परवाना मूळ यंत्राशी बांधलेला असतो, त्यामुळे नव्या परवान्याचा खर्च सुरुवातीलाच धरावा.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे दोन्ही मशीन एकाच वेळी नेटवर्कवर असणे. नाव आणि पत्ता एकच असल्याने काही चलने जुन्यावर तर काही नव्यावर नोंदली जातात, आणि तो गोंधळ हिशेबनीसाच्या लक्षात महिनाअखेरीस येतो. डोमेन कंट्रोलरच्या (नेटवर्कवरील खाती व लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) बाबतीत तर रूपांतर करूच नये: नव्या व्हर्च्युअल मशीनवर विंडोज सर्व्हर बसवून त्याला दुसरा डोमेन कंट्रोलर करावे, रेप्लिकेशन (दोघांतील माहितीची जुळवणी) पूर्ण होऊ द्यावे, जुन्याकडील भूमिका नव्याकडे हलवाव्यात आणि जुन्याचा कंट्रोलरचा दर्जा रीतसर काढावा. रूपांतरित कंट्रोलर काही काळ चालल्यावर जुने यंत्र पुन्हा सुरू झाले, तर यूएसएन रोलबॅक (बदलांचे अनुक्रमांक मागे जाणे) होऊन बदल इतर कंट्रोलरपर्यंत पोहोचणे थांबते, आणि विंडोज सर्व्हर २०१२ पासूनचे स्नॅपशॉटविषयक (व्हर्च्युअल मशीन जुन्या स्थितीवर परत नेण्याबाबतचे) संरक्षण येथे उपयोगी पडत नाही.

म्हणून रूपांतर झाल्याबरोबर जुन्या सर्व्हरची नेटवर्क केबल काढावी, त्यावर ‘सुरू करू नये’ अशी ठळक चिठ्ठी लावावी आणि मागे फिरण्याची मुदत आधीच लेखी ठरवावी. गेटवरची पहिली गाडी नव्या मशीनवर तोलली जाऊन तिची पावती निघाली, की जुन्यावर परतताना ती नोंद हाताने भरावी लागणार, हे व्यवस्थापनाला त्याच कागदावर स्पष्ट लिहून द्यावे.