काजूच्या हंगामाआधी माकडतापाची तयारी

काजूला मोहर फुटू लागला की बागायतदाराचं सगळं लक्ष ढेकण्या आणि फुलकिडींकडे लागतं. सिंधुदुर्गात जंगलाला लागून असलेल्या गावांनी, विशेषतः दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतल्या गावांनी, याच दिवसांत आणखी एका जिवाकडे बघायला हवं. तो झाडावर नसतो, झाडाखालच्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांच्या थरात असतो. माकडताप, म्हणजे माकडांना आणि माणसांना होणारा विषाणूचा ताप, पसरवणारा गोचीड डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत माणसाला चावण्याच्या अवस्थेत असतो, आणि नेमक्या त्याच काळात आपण पातेऱ्यात हात घालून काजू बी वेचतो.

हा आजार १९५७ साली कर्नाटकात, तेव्हाच्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. आधी माकडं मरू लागली, मग माणसं तापाने पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधला. पुढे कित्येक वर्षं हा आजार कर्नाटकापुरता आहे असंच मानलं जात होतं. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात रुग्ण सापडले, तेव्हा तो सह्याद्रीच्या याही भागात असल्याचं स्पष्ट झालं. आजारी पडलेल्यांत काजूच्या बागेत राबणारी माणसं बरीच होती.

गुरांच्या कासेला, कानाला चिकटलेला टपोरा गोचीड सगळ्यांना ठाऊक असतो. इथे धोका आहे तो त्याच्यापेक्षा कितीतरी लहान पिल्लाचा. माकडतापाचा मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाचा जंगली गोचीड आहे. त्याच्या आयुष्यात तीन अवस्था येतात आणि प्रत्येक अवस्थेत तो नव्या प्राण्याचं रक्त पितो. मोठे गोचीड पावसाळ्यात गुरांवर आणि मोठ्या जंगली जनावरांवर चढतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि पातेऱ्यात हजारो अंडी घालते. पाऊस सरल्यावर त्यांतून सहा पायांची अगदी बारीक पिल्लं निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडं यांचं रक्त पितात, कात टाकतात आणि खसखशीच्या दाण्याएवढी, आठ पायांची होतात. माणसाला बहुतेक वेळा चावते ती हीच अवस्था. पहिल्या रक्तात विषाणू आला असेल तर कात टाकल्यावरही तो अंगात टिकून राहतो.

गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. तो वाळक्या पानाच्या किंवा गवताच्या टोकाशी येतो, पुढचे पाय पसरून थांबतो आणि जवळून जाणाऱ्याला चिकटतो. आपला श्वास, अंगाची ऊब आणि वास त्याला कळतो. त्याला शोधायची पद्धतही याच सवयीवर बेतलेली आहे.

या दिवसांत आरोग्य विभागाची किंवा संशोधन संस्थेची पथकं गावात येतात. त्यांच्याकडे काठीला बांधलेलं मीटरभर पांढरं फ्लॅनेलचं कापड असतं. ते पातेऱ्यावरून हळूहळू ओढत नेतात, थोड्या थोड्या अंतरावर उलटून बघतात आणि चिकटलेले गोचीड चिमट्याने उचलून नळीत घालतात. जागा आणि तारीख लिहून घेतात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली जात आणि अवस्था ओळखून, गट करून त्यांत विषाणू आहे का हे तपासलं जातं. कापड दवाने भिजलं की गोचीड नीट चिकटत नाहीत, म्हणून पथक दव सुकल्यावर येतं. आपल्या कामाच्या वेळेत माणसं बागेत फिरतात ती यामुळे.

त्यांना बागेत येऊ द्या, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. बऱ्याच बागायतदारांना धास्ती असते की बागेत गोचीड सापडले तर नाव खराब होईल आणि हंगामात मजूर फिरकणार नाहीत. धास्ती खोटी नाही. काजूचं गणित दोन-तीन महिन्यांच्या मजुरीवरच उभं असतं. पण गोचीड सापडणं म्हणजे आजार सापडणं नव्हे. बहुतेक गोचिडांत विषाणू नसतो. आणि एखाद्या भागात विषाणू आहे हे वेचणीआधी कळलं, तर औषध फवारणी, मजुरांना प्रतिबंधक तेल, तापाच्या रुग्णांवर लक्ष हे सगळं वेळेत होतं. कापडाला एकही गोचीड लागला नाही, तरी ती नोंद उपयोगाची असते. पथक येण्याआधी पातेरा जाळू नका, फवारणी करू नका. गुरं कुठे चरतात, माकडं कुठल्या बाजूने उतरतात, कोणाला कुठे गोचीड चावला, हे आपल्याइतकं कोणाला माहीत नसतं; ते सांगा. गोचीड पकडून देण्यासाठी स्वतः पातेऱ्यात हात मात्र घालू नका.

मेलेलं माकड दिसलं तर

या विषाणूने लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाची वानरं दोन्ही मरतात. मेलेल्या माकडाचं अंग थंड पडलं की त्याच्यावरचे गोचीड उतरून आजूबाजूला पसरतात, त्यामुळे ती जागा काही दिवस फार धोक्याची असते. हात लावू नका, काठीने ढकलू नका, खड्डा काढून परस्पर पुरू नका, कुत्र्यांना तिकडे जाऊ देऊ नका. जागेची खूण लक्षात ठेवा, लांबूनच फोटो काढा आणि त्याच दिवशी वनविभागाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. प्रेत ताजं असेल तरच तपासणीचा नमुना नीट मिळतो. सर्वसाधारणपणे प्रेताभोवती ५० मीटरच्या परिघात कीटकनाशकाची भुकटी मारली जाते. ते होऊन पथकाने सांगेपर्यंत त्या भागातली वेचणी थांबवा. चार झाडांची बी पडून राहिली तरी चालेल.

बागेत काम करताना

पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात गमबूट किंवा लांब मोजे, पँटचे पाय मोज्यात खोचलेले. कपडे फिक्या रंगाचे असले तर बारीक गोचीड नजरेला पडतो. आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल जाण्याआधी हातापायांना चोळा. तासा-दोन तासांनी अंग तपासा. उन्हाचा चटका वाढला की गमबूट नकोसे होतात, हे खरं आहे. मग वेचणी सकाळच्या गारव्यात उरकून घ्या, पण पाय उघडे ठेवू नका. मजुरांसाठी गमबूट आणि मोजे मालकाने आणून द्यावेत, ते खताइतकंच हंगामाच्या खर्चात धरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

झाडाखालची जागा वेचणीआधी लांब दांड्याच्या दाताळ्याने साफ केली तर बीही पटकन दिसते आणि पातेऱ्याशी संबंधही कमी येतो. गोळा केलेला पातेरा कवेत धरून किंवा डोक्यावर भारा घेऊन नेणं सगळ्यात वाईट. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, जंगलातून पातेरा आणायची रीत असेल तर या महिन्यांत ती टाळा, आणि गोठ्यात गुरांखाली अंथरायला तर तो आणूच नका. जेवायला, विसाव्याला पातेऱ्यावर बसू नका. मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, सारवलेल्या खळ्यात बसा. घरी आल्यावर कपडे अंथरुणावर न टाकता थेट गरम पाण्यात भिजवा, साबणाने अंघोळ करा. काख, जांघ, गुडघ्यामागे, कंबरेची नाडी, कानामागे आणि केसांत नीट बघा. पाठ घरातल्या कोणाला तरी दाखवा.

गोचीड चिकटलेला दिसला तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर, संथपणे ओढा. रॉकेल, तंबाखू, पेटती काडी यांपैकी काहीही लावू नका, नखाने चिरडूही नका. नंतर जागा साबणाने धुवा आणि वहीत तारीख लिहून ठेवा.

चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून जोराचा ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, अंग मोडून येणं, उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरी थांबू नका. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. काहींचा ताप उतरतो आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा चढतो. तेव्हा मान आखडणं, भ्रम होणं, हात थरथरणं अशी लक्षणं दिसू शकतात. डॉक्टरांना आपण काजूच्या बागेत किंवा जंगलात काम करतो हे आधी सांगा, नाहीतर डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्यांत दिवस जातात. ॲस्पिरिन किंवा दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. विषाणूला मारणारं खास औषध नाही, पण वेळेवर दाखल होऊन सलाईन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. दर शंभर रुग्णांत ३ ते ५ दगावतात. आजार माणसाकडून माणसाला होत नाही, म्हणून रुग्णाच्या घराला वाळीत टाकायचं काही कारण नाही.

शेवटी गुरांविषयी. गुरांना हा ताप येत नाही, पण मोठ्या गोचिडाला रक्त पुरवून ती त्याची संख्या वाढवतात. उन्हाळ्यात गोठा धुऊन जंगलातली पिल्लं कमी होत नाहीत. खरी वेळ जून ते सप्टेंबरची, मोठे गोचीड गुरांवर असतात तेव्हाची. त्या वेळी गुरांना औषध लावून मादी अंगावरच मेली तर तिची अंडी पातेऱ्यात पडत नाहीत. जंगली जनावरांवरचे गोचीड त्याने सुटणार नाहीत, तरी चराईच्या वाटेवरचे नक्की कमी होतील. म्हणून मे महिन्यातच पशुवैद्यकाशी बोलून औषध, मात्रा आणि पुन्हा कधी लावायचं ते ठरवून घ्या, दूध किती दिवस काढून टाकायचं हेही विचारा, आणि शेजाऱ्यांची गुरंही त्याच आठवड्यात होतील असं बघा.