अमेरिका-मेक्सिको युद्ध समजून घेताना या चुका टाळा

‘अमेरिका पश्चिमेकडे सरकत गेली, वाटेत मेक्सिको आला, युद्ध झालं, मेक्सिको हरला.’ जगाच्या इतिहासाच्या बहुतेक मराठी नोट्समध्ये १८४६ ते १८४८ चं हे युद्ध एवढ्यातच आटोपतं. वाक्य खोटं नाही, पण त्यावर विसंबून उत्तर लिहायला बसलं की दुसऱ्या परिच्छेदातच गाडी अडते. युद्ध १८४६ मध्येच का झालं? त्याच वर्षी ब्रिटनशीही भांडण होतं, तिथे का झालं नाही? मराठी वाचकाला या युद्धाबद्दल नीट वाचायला फार कमी मिळतं आणि तेवढ्यातही काही चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून त्या इथे घेतो आहे.

आजचा नकाशा समोर ठेवणं

बराचसा गोंधळ इथून सुरू होतो. १८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला, तेव्हा आजचे टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कॅलिफोर्निया, नेवाडा आणि युटा हे सगळे कागदोपत्री त्याचे होते. ही हद्द अमेरिकेनेच १८१९ मध्ये स्पेनशी करार करून मान्य केली होती. म्हणजे अमेरिकेच्या दाराशी मोकळी पडीक जमीन होती आणि ती व्यापली गेली, असं चित्र मनात असेल तर ते आधी पुसा.

आता नकाशावर तीन नद्या शोधा. सबाइन ही १८१९ ची ठरलेली सीमा. तिच्या नैर्ऋत्येला न्यूसेस. त्याहून खाली रिओ ग्रांदे, जिला मेक्सिकोत रिओ ब्राव्हो म्हणतात. शेवटच्या दोन नद्यांमधली पट्टी पेन्सिलने रंगवून ठेवा, युद्धाची ठिणगी तिथेच पडली.

अलामोची लढाई या युद्धात घालणं

टेक्सासमध्ये आपली माणसं आता भरपूर आहेत. ऑस्टिन किंवा ह्यूस्टनला मुलाकडे गेलेले आईवडील सॅन अँटोनियोला अलामो पाहून येतात आणि ‘अमेरिका-मेक्सिको युद्धाची जागा पाहिली’ असं सांगतात. टेक्सासच्या बंडखोरांनी धरलेला हा किल्ला मेक्सिकन सैन्याच्या हाती पडला ६ मार्च १८३६ ला. अमेरिका-मेक्सिको युद्ध सुरू झालं दहा वर्षांनी, आणि त्या युद्धात देश म्हणून उतरलेली अमेरिका अलामोत नव्हती.

क्रम असा लावा. स्टीफन ऑस्टिनसारख्यांनी १८२० च्या दशकात मेक्सिकोच्याच परवानगीने अमेरिकी कुटुंबं टेक्सासमध्ये वसवली. मेक्सिकोला ओसाड उत्तर सीमेवर वस्ती हवी होती. अट होती मेक्सिकन नागरिकत्वाची आणि कॅथलिक धर्माची. वसाहतवाले कापूस पिकवायला गुलाम घेऊन आले. १८२९ मध्ये मेक्सिकोने गुलामगिरी बंद केली, टेक्साससाठी सूट द्यावी लागली, आणि ६ एप्रिल १८३० च्या कायद्याने अमेरिकेतून नवी वस्ती येण्यास मनाई झाली. लोक तरीही येतच राहिले.

१८३५ मध्ये मेक्सिकोचा अध्यक्ष सांता आन्ना याच्या राजवटीने १८२४ ची संघराज्यीय घटना मोडून सत्ता राजधानीत एकवटली. त्याविरुद्ध टेक्सासच उठलं असं नाही, झाकातेकास हा प्रांतही उठला होता आणि तिथला उठाव सैन्याने चिरडला. टेक्सासच्या बंडात स्थानिक मेक्सिकनही होते. टेक्सास प्रजासत्ताकाचे पहिले उपाध्यक्ष लोरेन्सो दे साव्हाला हे मूळचे मेक्सिकोतल्या युकातानचे. ‘गोरे विरुद्ध मेक्सिकन’ असा सरळ सामना लिहिणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. पण गुलामगिरीचा प्रश्न बाजूला ठेवून हे बंड निव्वळ स्वातंत्र्याचं म्हणून सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. नव्या प्रजासत्ताकाच्या घटनेने गुलामगिरीला उघड संरक्षण दिलं होतं.

२१ एप्रिल १८३६ ला सॅन हासिंतोच्या लढाईनंतर सांता आन्ना कैद झाला आणि कैदेत असतानाच त्याने करारावर सही केली. मेक्सिकोच्या सरकारने तो करार कधीच मान्य केला नाही. पुढची नऊ वर्षं टेक्सास स्वतःला देश म्हणवत होतं आणि मेक्सिको त्याला बंडखोर प्रांत म्हणत होता.

‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ लिहून कारणमीमांसा संपवणं

सबंध खंडावर पसरणं हे अमेरिकेला नियतीनेच नेमून दिलेलं काम आहे, असा हा विचार. १८४५ मध्ये टेक्सासच्या विलीनीकरणाची बाजू मांडणाऱ्या एका लेखातून तो शब्दप्रयोग प्रसिद्ध झाला. लेख सहसा पत्रकार जॉन ओ’सलिव्हन यांचा मानला जातो. पण हा विचारच युद्धाचं कारण असेल तर तो सगळीकडे सारखा लागू व्हायला हवा. तो होतो का, हे तपासायला वायव्येकडचा ओरेगन प्रदेश पुरेसा आहे.

१८४४ ची अध्यक्षीय निवडणूक जेम्स पोक यांच्या पक्षाने टेक्सास आणि ओरेगन दोन्ही घेण्याच्या जाहीरनाम्यावर लढवली आणि जिंकली. ओरेगनवर ब्रिटनचा दावा होता. तिथेही विस्ताराची तीच भाषा, तेच अध्यक्ष, तेच वर्ष. १५ जून १८४६ ला पोक सरकारने ब्रिटनशी करार केला, ४९ अंश अक्षांशावर तडजोड केली आणि प्रश्न मिटवला. मेक्सिकोशी युद्ध पुकारून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. ब्रिटनचं आरमार जगात सर्वात बलाढ्य होतं. मेक्सिकोचा खजिना रिकामा होता आणि सरकारं एकामागून एक कोसळत होती. विस्ताराची हाव दोन्हीकडे सारखीच होती. शेजारी दुबळा दिसला तिथे बंदूक पुढे आली. उत्तरात ही तुलना दोन ओळींत जरी आली तरी कारणमीमांसेला कणा मिळतो.

‘मेक्सिकोने हल्ला केला, म्हणून युद्ध झालं’

हे तेव्हाचं अमेरिकी सरकारी म्हणणं, आणि ते आजही जसंच्या तसं उतरवलं जातं. इथे घाई करू नका. १८४५ मधली एकेक तारीख पाहा.

मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ठरावाने टेक्सासच्या विलीनीकरणाचा मार्ग मोकळा झाला आणि मेक्सिकोने राजनैतिक संबंध तोडले. उन्हाळ्यात जनरल झॅकरी टेलर यांचं सैन्य न्यूसेसच्या मुखाशी कॉर्पस क्रिस्टीला आलं. वर्ष संपता संपता पोक यांनी जॉन स्लाइडेल यांना कॅलिफोर्निया आणि न्यू मेक्सिको विकत मागायला पाठवलं. मेक्सिकोचे अध्यक्ष एरेरा टेक्सासपुरती बोलणी करायला खास प्रतिनिधी भेटायला तयार होते. स्लाइडेल आले ते पूर्ण दर्जाचे राजदूत म्हणून. त्यांना तसं स्वीकारणं म्हणजे संबंध सुरळीत झाले, टेक्सासचा विषय संपला, असं मान्य करणं. एरेरांना ते शक्य नव्हतं, आणि बोलणीची तयारी दाखवल्याचाही ठपका येऊन त्यांचं सरकार गेलं. ‘मेक्सिकोने चर्चा नाकारली’ असं लिहिण्याआधी चर्चा कशाची होती हे सांगा.

जानेवारी १८४६ मध्ये टेलर यांना रिओ ग्रांदेकडे सरकण्याचा हुकूम मिळाला. आता ती रंगवलेली पट्टी पाहा. स्पेनच्या आणि मेक्सिकोच्या काळात टेक्सास प्रांत न्यूसेसपाशी संपत होता. टेक्सास प्रजासत्ताकाने १८३६ मध्ये कायदा करून रिओ ग्रांदे ही आपली सीमा ठरवली, पण त्या पट्टीत त्याचा अंमल नीट बसलाच नाही. मार्चअखेर टेलर यांनी मातामोरोस शहरासमोर, नदीच्या अलीकडच्या काठावर किल्ला उभारायला घेतला आणि एप्रिलमध्ये नदीचं मुख रोखलं. २५ एप्रिलला मेक्सिकन घोडदळाने कॅप्टन थॉर्नटन यांच्या गस्ती तुकडीला गाठलं. काही अमेरिकी सैनिक ठार झाले, बाकीचे पकडले गेले.

ही बातमी ९ मेच्या संध्याकाळी वॉशिंग्टनला पोचली. त्याच दिवशी सकाळी पोक यांनी मंत्रिमंडळाला सांगून टाकलं होतं की काँग्रेसकडे युद्धाची मागणी करायची. गोळी झाडल्याची खबर यायच्या आधी! हे विरोधकांनी रचलेलं नाही; पोक यांच्या स्वतःच्या रोजनिशीत ते नोंदलेलं आहे. ११ मेला त्यांनी काँग्रेसला सांगितलं की मेक्सिकोने अमेरिकी भूमीवर अमेरिकी रक्त सांडलं. १३ मेला युद्ध जाहीर झालं.

‘अमेरिकेला युद्ध हवं होतं’

युद्धावरचं मतदान असं झालं: प्रतिनिधिगृहात १७४ विरुद्ध १४, सिनेटमध्ये ४० विरुद्ध २. हे आकडे पाहून देश एकमुखी होता असं वाटतं. पण युद्ध असल्याचं कलम सैन्याला पैसा आणि माणसं पुरवण्याच्या विधेयकालाच जोडलं होतं. विरोधी मत म्हणजे सीमेवरच्या सैनिकाला वाऱ्यावर सोडणं, असा त्याचा अर्थ लावला गेला असता. तरीही माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स त्या १४ जणांत होते. डिसेंबर १८४७ मध्ये इलिनॉयचे नवखे सदस्य अब्राहम लिंकन यांनी ठराव मांडून विचारलं: रक्त सांडलं ती नेमकी जागा दाखवा. पुढच्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाने थोड्या मताधिक्याने, हे युद्ध अध्यक्षांनी विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केलं असं नोंदवलं. तोवर राजधानी मेक्सिको सिटी पडून काही महिने झाले होते.

मूळ रहिवाशांना वगळणं

कागदोपत्री मेक्सिकोच्या असलेल्या उत्तरेतल्या मोठ्या भागावर प्रत्यक्षात कोमांचे, अपाची, नवाहो यांचा वावर आणि दरारा होता. १८३० नंतर कोमांचे स्वारांचे छापे चिवावा, दुरांगोपर्यंत खोल जाऊ लागले आणि गावंच्या गावं उजाड झाली. अमेरिकी फौजा उतरल्या तेव्हा उत्तर मेक्सिको आधीच खिळखिळा झालेला होता. युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या तहाच्या ११ व्या कलमात हे छापे रोखण्याची जबाबदारी अमेरिकेवर टाकली गेली. पुढे १८५३ मध्ये आणखी जमीन विकत घेण्यासाठी केलेल्या गॅड्सडेन करारात अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतलं.

‘दीड कोटी डॉलरला अर्धा देश विकला’

ग्वादालुपे इदाल्गोचा तह २ फेब्रुवारी १८४८ चा. शत्रूचं सैन्य राजधानीत बसलेलं असताना झालेल्या व्यवहाराला विक्री म्हणू नये. १ कोटी ५० लाख डॉलर, शिवाय अमेरिकी नागरिकांचे मेक्सिकोवरचे दावे चुकते करण्याची हमी, हा भाग बरोबर. ‘अर्धा देश’ हा हिशेब मात्र टेक्सास धरून होतो, आणि टेक्सास अमेरिकेने १८४५ मध्येच घेतलं होतं. ॲरिझोनाची दक्षिण पट्टी तर या तहातली नाहीच, ती १८५३ च्या गॅड्सडेन करारातली. सोन्यासाठी कॅलिफोर्निया घेतला, हेही लिहू नका. सटर यांच्या गिरणीपाशी सोनं दिसलं २४ जानेवारी १८४८ ला, सह्या होण्याच्या नऊ दिवस आधी, आणि सह्या करणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. पोक यांचा डोळा सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरावर होता.

तहावर थांबलं की तिथे राहिलेली माणसं हिशेबातून सुटतात. हजारो मेक्सिकन कुटुंबं घर न हलवता परक्या देशात गेली. त्यांच्या जुन्या जमीन सनदा मान्य करणारं १० वं कलम अमेरिकी सिनेटने तह मंजूर करताना गाळून टाकलं. १८५१ च्या कायद्याने कॅलिफोर्नियातल्या जमीनधारकांना आपली मालकी आयोगापुढे सिद्ध करावी लागली. खटले वर्षानुवर्षं चालले, आणि दावा जिंकूनही वकिलांची बिलं आणि कर्ज फेडण्यात अनेकांच्या जमिनी गेल्या.