एन्झाइमनं केस काढताय? या चुका टाळा

कमावण्याआधी केस काढताना शेळीच्या चांगल्या कातड्यांची एकाच प्रकारे होणारी नासाडी पाहून जीव मेटाकुटीला आलाय, म्हणून लिहितोय.

बॅसिलस जिवाणूंपासून मिळणारं प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, केस विरघळवत नाही. मुळाभोवतीची प्रथिनं ते तोडतं आणि केस मुळासकट अख्खा निघतो. केस काढायचं नेहमीचं रसायन, सोडियम सल्फाइड, केसाचाच लगदा करतं आणि तो सांडपाण्यात जातो. एन्झाइमचा फायदा इथेच आहे. पण मुळाजवळचं काम संपलं म्हणून ते थांबत नाही, कातड्याच्या वरच्या थरालाच, म्हणजे ग्रेनला लागतं.

म्हणून सर्वांत मोठी चूक म्हणजे घड्याळावर विसंबणं. कोल्हापूरकडच्या एका लहान कारखान्यात ऐन मे महिन्यात कातड्यांच्या मांसाकडच्या बाजूला एन्झाइमचा लेप लावून थप्पी रचली, वर ओलं गोणपाट टाकलं. सुट्टी आली आणि थप्पी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच राहिली. वरची कातडी ठीक होती. मधे हात घातला तर चांगलीच ऊब लागली. केस मुठीत येत होते, सोबत ग्रेनचा पापुद्राही येत होता. मालक म्हणाले, "साहेब, कमावल्यावर भरून येईल." नाही येत. गेलेल्या ग्रेनवर कुठलाही रंग चढवा, ती जागा खरखरीतच दिसते.

उन्हाळ्यात मी थप्पी गुडघ्याच्या वर जाऊ देत नाही आणि रात्री एकदा खालची कातडी वर घेतो. मानेजवळ आणि कण्यावर अंगठ्यानं केस ढकलून बघतो, कारण तिथले केस उशिरा सुटतात. पोटाकडची बाजू पातळ, ती आधी बिघडते, म्हणून तिच्यावरही नजर ठेवतो. केस सरकले की लगेच काढायला घ्यायचं, चहा नंतर.

लेपाआधी कातडी भिजवण्यात घाई नको. मीठ आणि रक्त राहिलं की केस ठिकठिकाणी अडून बसतात.

कंपनी बदलली की मात्रा नव्यानं ठरवा. पाकिटावरची क्षमता प्रत्येकाची वेगळ्या पद्धतीनं मोजलेली असते. आधी एकाच कातड्यावर करून बघा.

लेपातच चुना मिसळायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. पीएच 12 च्या वर गेला की नेहमीची बहुतेक प्रोटिएझ मंदावतात. मग केस निघत नाहीत म्हणून नवशिके मात्रा दुप्पट करतात आणि पैसे पाण्यात जातात. चुना नंतर, वेगळा द्या. तो लागतोच, कारण एन्झाइमनं तंतू पुरेसे फुगत नाहीत आणि चामडं चपटं, कडक राहतं. बारीक केस उरले तर लेपाची वेळ वाढवू नका. त्या चुन्यातच अगदी थोडं सल्फाइड घाला. मात्र त्या पाण्यात आम्ल पडता कामा नये, हायड्रोजन सल्फाइड वायू माणूस मारतो.

आणि एन्झाइमची पूड कालवताना मास्क लावाच. ती धूळ श्वासात जात राहिली तर दमा जडू शकतो.