“सध्या किती मिळतात?” या प्रश्नाला उत्तर देण्याआधी

नोकरी बदलायला निघालेल्या मैत्रिणींनो, सीव्ही कसा लिहायचा हे मी सांगायला नको. मला फक्त मुलाखतीतल्या एका प्रश्नाबद्दल बोलायचं आहे: सध्याचा पगार किती?

मला तो विचारला गेला, मी आकडा सांगितला आणि त्यावर ठरावीक टक्के चढवून ऑफर आली. तेच काम करणाऱ्या सहकाऱ्याला बरंच जास्त मिळतं हे फार उशिरा कळलं. तो राग अजून गेलेला नाही. बाई आहे म्हणून कमी द्या, असं तिथे कुणीच म्हणालं नव्हतं. आधीच्या नोकरीतली तफावत नुसती पुढे ढकलली गेली होती, म्हणून तर ती दिसत नाही.

हिशेब करून बघा. तुम्ही १०० वर रुजू झालात, तो १२० वर. दोघांनाही दरवर्षी १० टक्के हाइक, म्हणजे वरवर अगदी समान न्याय. दहा वर्षांनी तुम्ही २५९ वर असता आणि तो ३११ वर. २० चा फरक ५२ झाला! बोनसही त्याच पायावर. दर वर्षा-दोन वर्षांनी कंपनी बदलत राहा, हा लोकप्रिय शॉर्टकट मला म्हणूनच अर्धवट वाटतो. पाया तोच राहिला तर फरकही सोबत येतो.

अमेरिकेत फ्रेस्नो काउंटीच्या शिक्षण कार्यालयात आधीच्या पगारावर ५ टक्के, असाच नियम होता. तिथल्या गणित सल्लागार आयलीन रिझो यांना २०१२ मध्ये पुरुष सहकाऱ्याचा जास्त पगार कळला आणि त्या कोर्टात गेल्या. आधीचा पगार हे कमी वेतनाचं समर्थन होऊ शकत नाही, असा निकाल अपील न्यायालयाने २०२० मध्ये दिला. कॅलिफोर्नियात २०१८ पासून हा प्रश्न विचारायलाच बंदी आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकता निर्देशातही तशी तरतूद आहे.

बंदी नसेल तिथे खोटा आकडा मुळीच सांगू नका, सॅलरी स्लिप मागतात. आधी तुम्हीच विचारा, “या पदाची रेंज काय आहे?” आकडा द्यावाच लागला तर त्याच दमात अपेक्षाही सांगा, आणि ती कामाच्या जबाबदारीवर बेतलेली असू द्या. रेंजचा अंदाज घेताना त्या कामातल्या पुरुषांनाही विचारा. फक्त मैत्रिणींना विचारलंत तर कमी आकडेच गोळा होतील. बोलताना घसा कोरडा पडेल. माझा आजही पडतो, पण वाक्य पूर्ण होतं.

“आधी आत शीर, पैसे मागाहून येतील” म्हणणाऱ्या मेंटॉरचं ऐकू नका. ते मागाहून येत नाहीत.

मूल झाल्यावर थांबून परतणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहा. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या संशोधनासाठी मिळालं, त्यातून दिसतं की श्रीमंत देशांत आजची तफावत बरीचशी पहिल्या अपत्यानंतर तयार होते. ब्रेकआधीचा जुना पगार पाया धरू देऊ नका, आजच्या पदाचा आजचा दर मागा.

आणि आधीच कमी पगारावर अडकला असाल, तर अप्रेझलमध्ये हाइक नको, करेक्शन मागा, म्हणजे पगाराचा पायाच दुरुस्त करून. लेखी मागा, समान काम करणाऱ्यांच्या जबाबदाऱ्या शेजारी-शेजारी मांडून.