अमेरिकेत क्रेडिट ट्रान्सफर करताय? या चुका टाळा

गेली चौदा वर्षं मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात, रजिस्ट्रारच्या ऑफिसात, बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांची क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या प्रत्येक विषयाला मिळणारी एककं, तपासते. कागद जगभरातून येतात. पण खाकी पाकीट, त्यावर गोल जांभळा शिक्का आणि शिक्क्यावर चार इंच सेलोटेप असं काही आलं की शेजारची बाई न विचारता ते माझ्या टेबलावर सरकवते.

आत बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. बीई किंवा बीएस्सीची दोन वर्षं झालेली, मग लग्न आणि एच-४ व्हिसा (नोकरीवाल्या जोडीदाराबरोबर येण्याचा), किंवा वडिलांची बदली, आणि आता राहिलेलं शिक्षण इथे पूर्ण करायचंय. उत्तम. मला अशी माणसं मनापासून आवडतात. राग येतो तो त्याच त्या चुकांचा.

रिपोर्ट आला म्हणजे क्रेडिट मिळालं असं समजणं

अमेरिकेत परदेशी पदव्या तपासणारं सरकारी खातं नाही. हे काम खासगी संस्था करतात. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस, जिला सगळे ‘वेस’ म्हणतात, ती १९७४ पासून आहे. ईसीई, म्हणजे एज्युकेशनल क्रेडेन्शियल इव्हॅल्युएटर्स आहे, आणखीही आहेत. अशा संस्थांची नासेस नावाची संघटना १९८७ साली झाली, आणि बरीच विद्यापीठं तिच्या सदस्यांचेच रिपोर्ट घेतात. पण रिपोर्ट कुणाचाही असो, तो सल्ला असतो. शेवटचा शब्द विद्यापीठाचा, आणि विषयाच्या बाबतीत त्या त्या विभागाचा. काही विद्यापीठं तर बाहेरचा रिपोर्ट घेतच नाहीत, सगळं स्वतः तपासतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी ॲडमिशन ऑफिसला एक ईमेल टाकायचा: कुणाचा रिपोर्ट चालतो, आणि कोणत्या प्रकारचा. निम्मे लोक हा ईमेल टाकत नाहीत. मैत्रिणीने वेसचा केला म्हणून आपणही वेसचा.

प्रकार विचारायचा तो याचसाठी की स्वस्तातला ‘डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट’ रिपोर्ट ट्रान्सफरला काही कामाचा नाही. तो एवढंच सांगतो की या बाईंनी दोन वर्षं कॉलेज केलं. एकेक विषय तपासणारा ‘कोर्स-बाय-कोर्स’च घ्या.

क्रेडिटची बेरीज स्वतःच करून टाकणं

‘ताई, माझे ८० झालेत, इथे १२० लागतात, म्हणजे ४० राहिले ना?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो.

नाही. आपल्याकडचं क्रेडिट आणि इथलं क्रेडिट ही दोन वेगळी मापं आहेत. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंजिनिअरिंगच्या चार वर्षांना १६० क्रेडिट्स आहेत. इथली चार वर्षांची पदवी साधारण १२० ची. म्हणून तपासणारा माणूस वर्षाला वर्ष लावतो: पूर्ण वेळ केलेल्या एका वर्षाचे तीसच्या आसपास, फार तर पस्तीस-छत्तीस. तुमचे ८० इथे साठ-पासष्ट होतात. इथे बरेच जण माझ्यावर चिडतात. पण आठ पायल्यांचे किती किलो होतात ते मोजून बघावं लागतं, आठच किलो होत नाहीत.

खरी मेख पुढे आहे. ते साठ सगळे पदवीत बसतीलच असं नाही. काही इथल्या नेमक्या विषयाला जुळतात, काही ‘इलेक्टिव्ह’ म्हणजे ऐच्छिक म्हणून जमा होतात, आणि काहींना जागाच नसते. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी कानशीने लोखंड घासून तो फिटिंगचा जॉब केला. कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीत त्याचं काय करायचं? उलट इथे इंजिनिअरलाही इतिहास, लेखन, समाजशास्त्र असलं काहीतरी घ्यावं लागतं, आणि ते आपल्या मार्कशीटवर शोधूनही सापडत नाही. त्यात बहुतेक विद्यापीठांचा नियम असतो की ठरावीक क्रेडिट्स, पुष्कळ ठिकाणी ३०, आमच्याकडेच करायची. म्हणून ‘किती आली’ हा प्रश्न अर्धाच. ‘पदवीत किती बसली’ हे विचारा, आणि ते डिग्री ऑडिटमध्ये, म्हणजे पदवीतलं काय झालं आणि काय राहिलं ते दाखवणाऱ्या विद्यापीठाच्या यादीत, डोळ्यांनी बघा. तोंडी आश्वासनावर कुणी विसंबू नये, माझ्यासुद्धा.

पाकीट उघडणं

सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांची आणि मार्कांची अधिकृत नोंद) म्हणजे सीलबंद. नागपूरच्या एका गृहस्थांनी मुलाच्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना हे बघायला पाकीट वाफेवर धरून उघडलं, झेरॉक्स काढली आणि फेविकॉलने पुन्हा चिकटवलं. हेतू चांगला, काम नीटनेटकं. शिक्क्याचे दोन अर्धे फक्त दोन मिलिमीटरने सरकले होते. सगळं पुन्हा मागवावं लागलं. स्पेलिंगची काळजी असेल तर कॉलेजातून दोन प्रती घ्या, एक उघडी, एक बंद. माझी सवय तर तीन बंद पाकिटांची: एक लागतं, एक हरवतं, एक पुढच्या वर्षी उपयोगी पडतं.

सिलॅबस न आणणं, आणि त्याहून वाईट म्हणजे चुकीचा आणणं

आता माझा आवडता विषय. आवडता म्हणजे डोकं उठवणारा.

आपल्याकडे सगळे ‘एम-थ्री’ म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. मार्कशीटवर ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-३’ असतं. इथल्या गणिताच्या प्राध्यापकाला त्यातून काय कळणार? त्याच्याकडे विषयांची नावं ‘डिफरन्शियल इक्वेशन्स’, ‘लिनिअर अल्जिब्रा’ अशी असतात. तुमच्या ३ मध्ये लाप्लास आहे का, फूरिए आहे का, व्हेक्टर कॅल्क्युलस कुठवर, हे तो नावावरून ओळखू शकत नाही. सिलॅबस नसेल तर तो विषयाला विषय न देता नुसतं इलेक्टिव्ह लिहून मोकळा होतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

नाशिकची एक मुलगी. पुणे विद्यापीठाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची दोन वर्षं २०१९ मध्ये संपवून, लग्न होऊन इथे आली. मार्क उत्तम. सिलॅबस लागतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने रात्री बसून नेटवर जो पहिला सापडला तो उतरवला आणि जोडला. तो २०१९ पॅटर्नचा, म्हणजे त्या वर्षीच्या नव्या अभ्यासक्रमाचा होता. ती शिकली होती २०१५ पॅटर्नमध्ये. विद्यापीठ पॅटर्न बदलतं तेव्हा विषयाचं नाव बहुतेकदा तेच राहतं, आतली युनिट्स हलतात.

मी तेव्हा सुट्टीवर होते, कागद थेट विभागात गेले. आमचे ते प्राध्यापक शांत, म्हातारे, पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचणारे. त्यांनी मार्कशीटवरचं वर्ष बघितलं, सिलॅबसवरचं वर्ष बघितलं, आणि समासात लिहिलं की हा अभ्यासक्रम या विद्यार्थिनीच्या नोंदीशी जुळत नाही. एम-थ्री, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि डेटा स्ट्रक्चर्स, तिन्ही नामंजूर. एकूण अकरा क्रेडिट्स.

मग पळापळ. तिने कॉलेजला फोन लावला. लायब्ररीत जुन्या पॅटर्नची बांधीव प्रत होती. एका भल्या लॅब असिस्टंटने मोबाइलवर सेहेचाळीस पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. सगळी पानं तिरकी, आणि दर तिसऱ्या पानावर त्याचा अंगठा. ते इथे चालणार नव्हते. शेवटी तिचे वडील दोनदा कॉलेजात गेले. पहिल्या खेपेला ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, दुसऱ्या खेपेला प्रत्येक पानावर शिक्का आणि एचओडींची सही. तोवर इथलं सेमिस्टर सुरू झालेलं. त्या मुलीने एक अख्खं सत्र येत असलेलं गणित पुन्हा फी भरून शिकलं. पुढे डिस्क्रीट आणि डेटा स्ट्रक्चर्स मंजूर झाले. गणिताचा अर्ज तिने मागे घेतला, विषय पासच झाला होता.

यावर माझा उपाय साधा आहे. कॉलेज सोडायच्या आठवड्यातच, टीसी घेताना, आपल्या पॅटर्नचा सिलॅबस शिक्क्यानिशी घेऊन ठेवायचा. ट्रान्सफरचा विचार नसला तरी. कोपऱ्यात मार्कशीटवरचा विषय-कोड पेन्सिलीने लिहायचा, म्हणजे वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. संदर्भग्रंथांची यादी कापायची नाही. ओळखीचं पुस्तक दिसलं की प्राध्यापक जरा सैल बसतात. प्रॅक्टिकलची पानंही ठेवायची, कारण आपल्याकडे थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगळ्या ओळीत असतात आणि इथे लॅबसकट एकच विषय असतो. केमिस्ट्रीवाले कधी कधी लॅबचं काम दाखवा म्हणतात, आणि सह्या केलेलं जर्नल तेव्हा रद्दीत गेलेलं असतं.

बाकीच्या, थोडक्यात

नाव. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं, वर कधी आईचंही. पासपोर्टवर लग्नानंतरचं. इथल्या संगणकात तुमच्या दोन फायली होतात आणि प्रत्येक अर्धवट राहते. लग्नाचा दाखला पहिल्याच अर्जाला जोडा.

टक्के स्वतः जीपीएत (इथल्या सरासरी ग्रेडमध्ये) बदलू नका. इथे ६२ टक्के म्हणजे काठावर पास, आपल्याकडे फर्स्ट क्लास. तपासणाऱ्याला हे माहीत असतं. तुम्ही केलेलं गणित बहुधा तुमचंच नुकसान करतं.

एटीकेटी लपवू नका. ट्रान्सक्रिप्टवर दिसतेच, आणि नंतर सुटलेला विषय धरलाही जातो.

अपोस्टिलसाठी, म्हणजे परदेशात चालणाऱ्या सरकारी प्रमाणीकरणाच्या शिक्क्यासाठी, मंत्रालयात खेटे घालू नका. आम्ही तो मागत नाही.

‘चार दिवसांत ट्रान्सक्रिप्ट’ म्हणणाऱ्या एजंटाकडे तर फिरकूही नका. आम्ही शंका आली की विद्यापीठाला लिहून पडताळतो, आणि खोटा कागद निघाला की प्रवेशच जातो. ज्यांना चार दिवस थांबवत नाही, त्यांना इथली चार सत्रं कशी निभतील, हा मला पडणारा प्रश्न आहे, पण तो असो.

आणि नकार आला तर रडत बसू नका. जवळपास सगळीकडे फेरविचाराचा अर्ज असतो. त्यात ‘मी हुशार आहे’ असं पत्र जोडू नका. एका कागदावर दोन रकाने आखा, डावीकडे त्यांच्या कोर्सचे मुद्दे, उजवीकडे तुमच्या सिलॅबसचं युनिट आणि पान क्रमांक. मी तो विभागात नेऊन देते तेव्हा पेन्सिलवाले सर चष्मा वर करतात आणि खुर्ची पुढे ओढतात.